छातीवरचा पट्टा

"नकाशावाला घे," केनेथ पुन्हा म्हणाला. "वाढदिवसाला घेतोय, तर नीट घेऊ."

स्कारबरोतल्या त्या सायकलच्या दुकानात काचेच्या काउंटरवर तीन सायकल कॉम्प्युटर मांडून ठेवले होते. ग्लेन्डाची नजर त्यातल्या सगळ्यात लहान यंत्रावरून हलत नव्हती. बटणांचं, साध्या पडद्याचं, तळहातात मावेल असं. शेजारचं मोठं यंत्र केनेथने हातात घेऊन बघायला सुरुवातही केली होती. रंगीत पडदा, रस्ते, चढ-उतार, पुढचं वळण, सगळं त्यात दिसत होतं.

"मला रस्ते पाठ आहेत," ग्लेन्डा म्हणाली. "दिवसभर याच गावात बस चालवते मी."

काउंटरपलीकडचा अनिश समजूतदार होता. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं नाही हे त्याला धंद्याने शिकवलं असावं. त्याने हिंदीतच विचारलं, "मॅम, आपको सबसे ज़्यादा क्या देखना है?"

"हार्ट रेट," ती म्हणाली. जरा जास्तच पटकन म्हणाली.

अनिशने खणातून दोन वस्तू काढल्या. एक दंडाला बांधायचा पट्टा होता. तो उजेड टाकून कातडीखालचं रक्त बघतो, त्यामुळे थंडीत किंवा हँडल घट्ट धरलं की कधीकधी चुकतो. दुसरा छातीभोवती बांधायचा. तो हृदयातली वीजच पकडतो, म्हणून खरा आकडा त्याचा.

"अचानक वाढला तर लगेच दाखवेल?" ग्लेन्डाने विचारलं.

"एक-दोन सेकंदांत."

"अचानक कशाला वाढेल?" केनेथ म्हणाला.

"चढावर, केनेथ. चढावर वाढतोच की सगळ्यांचा."

तिने हे काउंटरकडे बघत सांगितलं. केनेथने मान डोलावली आणि तो पुन्हा मोठ्या यंत्राकडे वळला. त्याच्या मनात वेगळंच होतं. "यात लाइव्ह ट्रॅकिंग आहे. तू कुठे आहेस, ठोके किती पडतायत, मला घरी फोनवर दिसेल. तू पडलीबिडलीस तर मेसेज येईल."

"मी काय कुरिअरचं पार्सल आहे का?"

केनेथ हसला, पण त्याचा चेहरा उतरला. ग्लेन्डाला ते दिसलं आणि तरीही तिने लहान यंत्र आणि छातीचा पट्टा अनिशकडे सरकवला. ज्यातलं कुणालाही काहीही आपोआप कळणार नाही, असं तेवढं एकच होतं.

तिला माहीत होतं ते केनेथला माहीत नव्हतं. मागच्या शरदात तळ्याकाठच्या ब्लफर्स पार्कहून वर येणाऱ्या ब्रिम्ली रस्त्याच्या चढावर तिच्या छातीत पहिल्यांदा ते झालं होतं. भांडं न बसवता मिक्सरचं बटण दाबावं, तशी एक कोरडी घरघर. ठोके मोजायला बोटं मानेवर ठेवली, तर मोजताच येईनात. थोड्या वेळाने एकदम थांबलं, जणू कुणी बटण बंद केलं. मग हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढताना झालं. मग एकदा स्वयंपाकघरात, भाताचा कुकर उतरवताना. तिने प्रत्येक वेळी स्वतःला काहीतरी सांगितलं: वय, पाळी जायची वेळ, कॉफी. पण मार्चमध्ये शाळेची रिकामी बस यार्डात परत नेताना सिग्नलला झालं, आणि तेव्हा तिच्याकडे सांगायला काही उरलं नाही.

डॉक्टरकडे जायला ती घाबरत नव्हती. डॉक्टर काय करेल याला घाबरत होती. यार्डात सगळे सांगत, हृदयाचं काही निघालं की डॉक्टर ट्रान्सपोर्ट मिनिस्ट्रीला कळवतो आणि लायसन्स जातं. लुईस नावाचा एक जुना ड्रायव्हर जिमच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडला होता. तो त्यानंतर बसवर दिसला नाही. यार्डात त्याचं नाव आता हळू आवाजात निघे. ग्लेन्डा वसईतल्या भुईगावहून इथे आली तेव्हा तिला इंग्लिश बोलायची लाज वाटायची. एका वेअरहाऊसमध्ये खोकी चिकटवत तिने वर्षं काढली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून बसचं ट्रेनिंग घेतलं आणि एवढं मोठं पिवळं धूड पहिल्यांदा वळणावर नीट फिरवलं, त्या दिवशी ती या देशात खरी आली. ते सोडायचं तर आधी तिला स्वतःला खात्री हवी होती. यंत्र सांगेल. यंत्र कुणाला कळवत नाही.

शनिवारी सकाळी ती मैत्रिणीबरोबर, माधवीबरोबर, सायकलवर निघाली. माधवी नागपूरची. सॉफ्टवेअरमध्ये होती, घरून काम करायची आणि शनिवारी त्याचा सूड सायकलवर उगवायची. मेचा महिना होता, ऊन होतं, पण तळ्यावरून येणारा वारा अजून बोचत होता. ग्लेन्डाने जर्सीखाली पट्टा बांधला होता. हँडलच्या मधोमध नवं यंत्र बसवलं होतं, आणि तिने पडद्यावर बाकी सगळं काढून एकच आकडा ठेवला होता.

एकशे आठ. एकशे चौदा. एकशे अकरा.

किती सरळ आकडे होते ते. तिला इतकं हलकं वाटलं की ती माधवीच्या पुढे निघाली. घरांच्या रांगा मागे पडत होत्या, कुणीतरी लॉन कापत होतं, माधवी मागून ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होती आणि ग्लेन्डा हसत होती.

तेवढ्यात आकडा एकशे शहाण्णव झाला.

रस्ता सपाट होता. तिने पेडल मारणं थांबवलं. एकशे नव्याण्णव. छातीत ती घरघर सुरू झाली होती की आकडा बघून सुरू झाल्यासारखी वाटत होती, तिला ठरवता येईना.

"काय झालं गं?" माधवी शेजारी येऊन थांबली. तिने पडद्यात डोकावलं. "अगं, पट्टा कोरडा असेल. माझंही व्हायचं आधी. हवा कोरडी असली की जर्सी वाऱ्याने फडफडते, तिची स्टॅटिक लागते आणि मग हा वेड्यासारखे आकडे दाखवतो. ओला कर."

ग्लेन्डाला ते वाक्य दोन्ही हातांनी धरावंसं वाटलं. तिने झाडाआड जाऊन बाटलीतलं पाणी पट्ट्याच्या आतल्या बाजूला लावलं. परत आली तेव्हा पडद्यावर एकशे चार होतं.

"बघ," माधवी म्हणाली.

पण ब्रिम्लीच्या चढावर, अर्ध्यात, पट्टा ओलाचिंब असताना आकडा दोनशे आठवर गेला, आणि या वेळी डोळ्यांच्या कडा काळवंडल्या. ग्लेन्डाने पेडलमध्ये अडकवलेला बूट सोडवून पाय जमिनीवर टेकवला आणि एक हात छातीवर दाबत हँडलवर डोकं ठेवलं. माधवी वळून खाली आली.

"पोटरीत गोळा आला," ग्लेन्डा म्हणाली.

माधवीने तिच्या हाताकडे बघितलं. "पोटरी धरायची सोडून छाती धरलीस तू."

"माधवी, गोळा आला म्हटलं ना."

 घरी येताना कोपऱ्यावर माधवी म्हणाली, "तू नाही सांगितलंस केनेथला, तर मला सांगावं लागेल. मला ते करायला लावू नको." ग्लेन्डाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

संध्याकाळी तिने लेकीला, आन्नाला, हाक मारली. आन्ना युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती आणि बेसमेंटमधून वर यायला तिला तीन हाका लागत.

"हा पट्टा जरा बांधून बघ."

"व्हाय?"

"नवा आहे. नीट चालतो का बघायचंय."

आन्नाने पट्टा बांधला. एकाहत्तर. ग्लेन्डाने तिला जिना चढायला लावलं, उतरायला लावलं. शहाण्णव, एकशे दोन, मग हळूहळू खाली. कुठे उडी नाही, कुठे दचका नाही.

"मॉम, इट वर्क्स फाइन," आन्ना म्हणाली आणि पट्टा पलंगावर टाकून निघून गेली.

ग्लेन्डाने दार लावून घेतलं आणि स्वतः बांधला. अठ्ठ्याहत्तर. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. खाली केनेथ बोंबलांची चटणी करत होता, त्याचा वास जिन्यावरून वर येत होता. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, एकोणऐंशी. ते यायची ती वाट बघत होती आणि ते येत नव्हतं. यंत्र बरोबर होतं हे तिला आता कळलं होतं. तरी ते शांत आकडे बघता बघता तिच्या मनाने एक वाट काढली. जूनच्या शेवटी शाळा बंद होतात. तेवढं निभावायचं. मग सुट्टीत डॉक्टर. रविवारी मिस्सेला गुडघे टेकून तिने हाच हिशेब देवापुढे मांडला, आणि देव गप्प राहिला याचा अर्थ तिने आपल्या सोयीने लावला.

सोमवारी सकाळी यार्डात तिने बसभोवती नेहमीसारखी फेरी मारली. टायर, दिवे, थांब्याची लाल पाटी, मागचं दार. जॅकेटच्या आत पट्टा बांधलेला होता. यंत्र तिने डॅशबोर्डवरच्या कप्प्यात, स्वतःला दिसेल असं ठेवलं. निदान लक्ष राहील, तिने स्वतःला सांगितलं.

मुलं चढू लागली. थांब्याथांब्यावर आया हात हलवत उभ्या होत्या. केया नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. पुण्याकडच्या आईबापांची मुलगी, पहिलीत होती. ग्लेन्डा तिच्याशी मराठीत बोले आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देई, असा दोघींचा रोजचा कार्यक्रम.

"डबा घेतलास का?"

"येस. पोहे. अगेन."

लॉरेन्स रस्त्याच्या सिग्नलला बस थांबली. मागे कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणीतरी कुणाची टोपी पळवली होती. आकडा शहाऐंशी होता. दिवा हिरवा झाला, ग्लेन्डाने ब्रेकवरचा पाय काढला, बस चौक ओलांडून पुढे आली, आणि छातीत बटण दाबलं गेलं.

तिने बघितलं. एकशे सत्त्याऐंशी.

थांबेल. दर वेळी थांबतं. खोल श्वास घ्यायचा. शाळा फार लांब नव्हती, दोन थांबे आणि मग तो लांब सरळ रस्ता.  "नमो मारिया," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली आणि पुढचे शब्द तिला आठवेनात. लहानपणापासून तोंडात असलेले शब्द.

"मिस ग्लेन्डा," केया पुढे वाकून म्हणाली, "इज दॅट अवर स्पीड?"

"काय?"

"वन एट्टी-सेव्हन. आर वी गोइंग दॅट फास्ट?"

ग्लेन्डाने वरच्या मोठ्या आरशात पाहिलं. सगळी डोकी दिसत होती. पिना, टोप्या, एकाचे विस्कटलेले केस. त्यांच्या आयांनी हात हलवून त्यांना तिच्या स्वाधीन केलं होतं आणि आता त्या घरी जाऊन कपड्यांच्या घड्या घालत असतील किंवा कामावर निघाल्या असतील. मार्चमध्ये तिला खात्री नव्हती. शनिवारी सकाळपर्यंत नव्हती. आज तिच्यासमोर आकडा होता, आणि सहा वर्षांच्या मुलीलाही तो वाचता येत होता.

तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला. एका चर्चच्या लांब कुंपणाला लागून रस्ता रुंद होता, तिथे तिने बस हळूच कडेला घेतली, चाकं फुटपाथला समांतर. धोक्याचे दिवे लावले. पार्किंग ब्रेक ओढला. इंजिन बंद केलं आणि चावी काढून हातात घेतली. हे सगळं हातांनी आपणहून, अगदी शिकवल्यासारखं केलं. मग तिने रेडिओ उचलला.

"मला दुसरा ड्रायव्हर हवाय," ती इंग्लिशमध्ये म्हणाली आणि रस्त्याचं नाव सांगितलं. "मुलं बसमध्ये आहेत."

"इज इट द बस?" यार्डातल्या डिस्पॅचवाल्या बाईने विचारलं.

"नो. द बस इज फाइन." तिचा श्वास तुटत होता. "इट्स मी. माय हार्ट."

 पलीकडचा आवाज बदलला, मऊ झाला, पण पक्का. ॲम्ब्युलन्स निघाली आहे. दुसरी बस निघाली आहे. रेडिओ सोडू नको, बोलत राहा.

ग्लेन्डा वळून मुलांकडे बघायचा प्रयत्न करत होती. "सगळ्यांनी बसून राहायचं," ती म्हणाली. "दुसरी बस येतेय." मागचं गाणं थांबलं, पळवलेली टोपी परत गेली.  आकडा एकशे त्र्याण्णव. डोळ्यांच्या कडा पुन्हा काळ्या व्हायला लागल्या, आणि तिला वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, चावी माझ्या हातात आहे.

"आर यू सिक?" केयाने विचारलं.

"हो, बाळा."

 मग केया मराठीत म्हणाली, "पाणी पाहिजे का?" आणि आपली बाटली पुढे केली. ग्लेन्डाने बाटली घेतली, पण झाकण उघडायची ताकद तिच्या बोटांत नव्हती.

ॲम्ब्युलन्समधल्या दोघांनी तिला बसमधून अलगद उतरवलं. एकजण शेवटपर्यंत मुलांशी थट्टा करत होता. आत टेकून बसवल्यावर त्यांनी छातीवर तारा लावल्या, कागद निघाला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांतल्या तरुण बाईने तिच्या हातात एक रिकामी सिरिंज दिली. "यात जोरात फुंक. दट्ट्या हलेल एवढं. त्याने ठोके खाली येतात." ग्लेन्डाला वाटलं ही चेष्टा करते आहे. तिने फुंकलं, कान बंद होईपर्यंत फुंकलं, आणि तेवढ्यात त्यांनी तिला झटकन आडवी करून तिचे पाय उंच धरले. पहिल्यांदा काही झालं नाही. पुन्हा केलं. छातीत एक मोठा, रिकामा ठोका पडला, लिफ्ट सुटल्यासारखा, आणि मग सगळं शांत झालं. ब्याण्णव.

ती रडायला लागली. उघड्या दारातून तिला दुसरी पिवळी बस दिसली. मुलं एकामागोमाग एक तिच्यात चढत होती.

केनेथ वॉनमधल्या कामावरून हॉस्पिटलला पोचला तेव्हा वेअरहाऊसचं केशरी जाकीट त्याच्या अंगावर तसंच होतं. तो खुर्ची ओढून बसला.

"माधवीचा फोन आला होता काल," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"जे तू म्हणायला हवं होतंस ते." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. "आज संध्याकाळी मी विचारणार होतो तुला. म्हटलं कामावरून आलो की बोलू. आणि आज सकाळी तू मुलं घेऊन निघालीस."

"मला वाटलं जूनपर्यंत निभेल."

"तुला वाटलं." तो उठून खिडकीशी गेला, परत आला. "कुकर उतरवताना तू ओटा धरून उभी होतीस, मी बघितलं होतं. दारात उभा होतो मी. विचारलं असतं तर तू काही नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. ते मोठं मशीन कशाला हवं होतं मला? नकाशे बघायला?"

 ग्लेन्डाने हात पुढे केला. केनेथने तो लगेच घेतला नाही. त्याला राग होता आणि तो खरा होता, आणि तो काही दिवस राहणार होता हे तिला कळलं. मग त्याने खुर्ची आणखी जवळ ओढली.

डॉक्टर बाई आल्या. कागदावरचे डोंगर दाखवत त्यांनी सांगितलं की हृदयात विजेची एक जादा वाट आहे, बहुतेक जन्मापासून. वीज कधीकधी त्या वाटेने गोल फिरत राहते. पायाच्या शिरेतून तार घालून ती वाट बंद करता येते, आणि बहुतेकांना पुन्हा त्रास होत नाही. तोपर्यंत बस चालवायची नाही. ते कळवावं लागेल.

"लायसन्स कायमचं जाईल?" ग्लेन्डाने विचारलं.

"ती वाट बंद झाली, काही महिने नीट गेले, तर मी स्वतः लिहून देईन," डॉक्टर म्हणाल्या. "सुरुवातीलाच आला असतात तर हे आतापर्यंत झालंही असतं."

ते वाक्य तिने घरी नेलं. बाकी सगळ्यापेक्षा तेच तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. मुलांच्या पालकांना कंपनीने काय सांगितलं ते तिला कळलं नाही. सुपरवायझरने मात्र बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, आधी कधी झालं होतं का. ती हो म्हणाली. कधीपासून, तेही सांगितलं. त्याने तिला लेखी ताकीद दिली. ती तिने वाद न घालता घेतली. नोकरी राहिली ती बस वेळेवर थांबवल्यामुळे, असं तो म्हणाला. शनिवारी ती का बोलली नाही हे त्याने विचारलं नाही, पण न विचारलेला तो प्रश्न तिला ऐकू आला.

सप्टेंबरात तार घातली. ती जागी होती. ठोके मुद्दाम वाढवून बघताना तिने पलंगाची कड धरली, पण या वेळी आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय ते. शाळा सुरू झाल्या होत्या. कंपनीने तिला दुसऱ्याच्या बसवर मदतनीस म्हणून घेतलं. व्हीलचेअरवरच्या दोन मुलांचे पट्टे बांधायचे, त्यांच्याशेजारी बसायचं, उतरवायचं. पगार कमी आणि जागा मागची. पहिले काही दिवस ती प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होती. मग तिचं लक्ष खिडकीबाहेर जाऊ लागलं. इतकी वर्षं ज्या रस्त्यांवरून ती गेली होती, तिथली घरं तिने कधी बघितलीच नव्हती.

डॉक्टरांचं पत्र मिनिस्ट्रीला गेलं. उत्तर यायचं होतं. डिसेंबर लागला आणि पहिला बर्फ पडला त्या सकाळी ती उठली तेव्हा ड्राइव्हवेवरून फावड्याचा आवाज येत होता. केनेथ तिच्या आधी उठून बाहेर गेला होता. तिने जाकीट चढवलं, दुसरं फावडं घेतलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"तू आत जा," तो म्हणाला.

"डॉक्टर करू दे म्हणाल्यात."

"मला कसं कळणार ठीक आहेस ते?"

"मी सांगेन," ग्लेन्डा म्हणाली.

 केनेथने रस्त्याकडची, हलकी बाजू तिच्यासाठी सोडली आणि स्वतः गॅरेजच्या दारापासून सुरुवात केली.